सहा कवट्या

"गरुड हातावर बसवायला मिळेल म्हणाली होतीस ना, ताई? सहा दिवस झाले, नुसती घाण खरवडतोय आपण!" टकलूने खराटा पिंजऱ्यातच टाकून दिला.

"'कदाचित' म्हणाले होते मी," ताई म्हणाली. एरवी तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं, पण आज तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

जखमी शिकारी पक्ष्यांच्या या केंद्रात सगळेच दमलेले होते. मावशी इथली डॉक्टर. एका घारीला पट्टी बांधून होते न होते, तोच दुसरी घार खोक्यातून यायची. मदतीला एकटे काका, तेही कंबर धरून चालणारे. सुट्टीला आलेली ही तीन भावंडं पहिल्या दिवशी नुसती उड्या मारत होती. आता मधल्या चष्मिषला घास हातात असतानाच डुलकी लागायची.

त्यातून एका घुबडाची काळजी! मोडलेला पंख जुळला होता, पण समोर जिवंत उंदीर सोडला तरी स्वारी ढिम्म. शिकार न जमणाऱ्या पक्ष्याला मोकळं सोडता येत नाही. उद्या संध्याकाळी मोठे डॉक्टर येऊन शेवटचं ठरवणार होते. नाही जमलं, तर जन्मभर पिंजरा!

झाडताना चष्मिषला घुबडाने ओकलेला गोळा मिळाला. न पचलेले केस आणि हाडं घुबड अशी बाहेर टाकतं. तिने तो काडीने उसवला आणि तिची झोपच उडाली.

"सहा कवट्या! याला रात्री दोनच मेलेले उंदीर देतात ना?"

"मग याला भूक कुठून लागणार?" ताई ओरडली. "कोणीतरी चोरून भरवतंय!"

"काका!" टकलूने निकालच लावून टाकला.

संध्याकाळी तिघांनी खाद्याच्या फ्रीजची किल्ली खुंटीवरून काढली आणि पोत्यांमागे दडी मारली. थोड्या वेळाने काका आलेच. खुंटी चाचपत पुटपुटले, "डॉक्टरबाई दमल्यात. घुबडाला द्यायचं विसरल्या असणार."

ते गेले आणि मावशी आली. तिनेही किल्ली शोधली, कपाळ चोळलं आणि गेली. टकलूने तोंडावर हात दाबला. पाच मिनिटांत मावशी परत हजर!

"आज घुबडाला दिलं की नाही मी?" ती स्वतःशीच म्हणाली आणि पुन्हा खुंटी चाचपू लागली.

चष्मिषने बोटांवर हिशेब केला. काका दोन देत होते, मावशी दोन देत होती आणि दिल्याचं विसरून आणखी दोन! मावशीला हे सांगायचं कसं? पण नाही सांगितलं, तर घुबडाचा जन्म पिंजऱ्यात जाणार होता. ती पोत्यांमागून बाहेर आली.

"मावशी, रागावू नकोस. चूक तुझीच आहे... आणि काकांची."

सगळं ऐकून मावशी जमिनीवरच बसली. "मीच त्याला अडकवून ठेवत होते गं! सांगितलंस ते फार बरं केलंस." त्या रात्री घुबडाला काहीच मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठे डॉक्टर जाळीबाहेर उभे राहिले. उंदीर गवतात सळसळला. घुबडाने मान वळवली आणि अजिबात आवाज न करता झेप घेतली!

"पकडला!" टकलू किंचाळला.

"पास!" मोठे डॉक्टर हसले. "भले शाब्बास, मुलांनो! आम्हा मोठ्यांना जे दिसलं नाही, ते तुम्ही गोळ्यात शोधलंत! चला, दार उघडा. जाऊ दे त्याला."

काका कडीला हात घालणार, तोच चष्मिषने त्यांना थांबवलं. मावशी भिंतीला टेकून बसल्या बसल्याच गाढ झोपली होती.

"तिच्याच हातून सुटू दे ना ते," चष्मिष हळूच म्हणाली.

मोठ्या डॉक्टरांनी मान डोलावली आणि तेही मुलांशेजारी जमिनीवर बसले. मावशीला कोणीच उठवलं नाही.