जवळचं दाखवणारी लेन्स

शनिवारी लॅब दुपारी दोनला सुटायची. घरी जाताना वाटेत कुरियरचं ऑफिस होतं. तिथून पार्सल उचलायचं आणि मग मेडिकलमधून औषधं घ्यायची, एवढीच त्या दिवशीची तिची कामं. काउंटरवरच्या माणसाने सहीसाठी वही पुढे केली आणि हसून म्हणाला, "बाई, हे पाचवं. दुकान काढलंत की काय?"

"आमच्या ह्यांचं असतं," ती म्हणाली. "काचा मागवतात."

खोटं नव्हतं ते. इमारतीत तिला सगळे लॅबवाल्या बाई म्हणायचे आणि तिच्या नवऱ्याला काचवाले. तिची वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्ताचे नमुने तपासण्यात गेली होती. त्याचा फोटो स्टुडिओ होता, पण खरं वेड जुन्या लेन्सचं. अख्ख्या धातूच्या, वजनदार, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या. त्यांच्यात आपोआप काही होत नाही. हाताने रिंग फिरवायची आणि जिथं चित्र स्पष्ट होईल तिथं थांबायचं. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं माळ्यावरच्या अशा लेन्स ऑनलाइन लिलावात काढायची. शेवटच्या मिनिटाला बोली लावायला काचवाले फोन घेऊन गॅलरीत येरझाऱ्या घालायचे. मिळाली की लहान मुलासारखे स्वयंपाकघरात यायचे. "अगं, मिळाली! आणि काचेवर बुरशीचा एक ठिपका नाही, बघ!"

सात महिन्यांपूर्वी स्टुडिओत छताचा दिवा बदलताना तो शिडीवरून पडला. मान गेली. जीव वाचला, पण मानेखाली उरला फक्त उजव्या हाताचा अंगठा. बोलणंही गेलं. डोळा एकदा मिटला की हो, दोनदा मिटला की नाही. घशातून कष्टाने एकच शब्द यायचा, "जवळ..." तो म्हणाला की ती हातातलं टाकून पलंगापाशी जाऊन बसायची, त्याचा हात हातात घ्यायची. आणि दर वेळी त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तिला वाटायचं, मायेने येतंय.

फोन तिने पलंगाच्या कठड्याला दांडी लावून त्याच्या अंगठ्याखाली बसवून दिला होता. त्या एका अंगठ्यावर तो पुन्हा लिलावात उतरला. माणसाला काहीतरी नाद हवा, म्हणून तिने ते चालू दिलं.

त्या शनिवारी तिने पाचवं पार्सल उघडलं आणि त्याच्या डोळ्यांच्या इशाऱ्याप्रमाणे सगळं लावलं. त्याच्या उशीशेजारी स्टँड, स्टँडवर त्याचा कॅमेरा, कॅमेऱ्यावर नवी लेन्स, आणि त्याला दिसेल असा बाहेर काढलेला छोटा पडदा. कॅमेऱ्याचं तोंड त्याच्या पायांकडे, समोरच्या कपाटाकडे. ती हळूहळू रिंग फिरवू लागली. आधी कपाट स्पष्ट झालं. मग कपाट विरघळलं आणि पलंगाचा पायाकडचा कठडा स्पष्ट झाला. मग तोही विरघळला. पडद्यावर स्पष्ट असं काहीच उरलं नाही आणि तेवढ्यात त्याने डोळा मिटला. थांब.

"अहो, इथं तर सगळं धूसर आहे," ती म्हणाली.

तो पडद्याकडे टक लावून पाहत होता. घशाशी हुंदका अडकल्यासारखा आवाज आला. "जवळ..."

ती नेहमीसारखी पलंगावर त्याच्या गुडघ्यापाशी बसायला गेली. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. दोनदा. पुन्हा दोनदा. नाही. नाही.

ती उभीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा दीर आला. आला की आधी कपाटातल्या लेन्स मोजायचा आणि कपाळावर आठ्या घालायचा. "वहिनी, दादाचं डोकं ठिकाणावर नाही. तो फोन काढा आधी. आणि ह्या विकून टाका, मी यादी करून देतो."

तो यादी लिहू लागला आणि ती एकेक लेन्स उचलून वाचून दाखवू लागली. प्रत्येक लेन्सच्या रिंगवर अंतराचे आकडे कोरलेले असतात. सगळ्यात लहान आकडा म्हणजे ती लेन्स कमीत कमी किती अंतरावरचं स्पष्ट दाखवू शकते तो. त्याहून जवळ काही आलं तर तिला दिसत नाही. अपघातानंतरच्या पाच ती आल्या त्या क्रमाने वाचत गेली. दोन मीटर. दीड मीटर. एक मीटर. सत्तर सेंटीमीटर. कालची पंचेचाळीस.

"काय झालं?" दिराने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली, पण तिचा अंगठा पंचेचाळीसच्या आकड्यावरच होता. वीस वर्षांत तिला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती. सूक्ष्मदर्शकाची चकती फिरवताना हात जिथं थांबतो तिथं काहीतरी असतं. कुठलाही हात रिकाम्या जागेवर थांबत नाही.

दीर गेल्यावर तिने शिवणाच्या डब्यातली टेप आणली. कॅमेऱ्यापासून दोन मीटर म्हणजे पायाकडचा कठडा. दीड म्हणजे त्याचे घोटे. एक मीटर म्हणजे गुडघ्यांच्या जरा वर. टेप पंचेचाळीसवर धरली तेव्हा तिचा हात त्याच्या छातीच्या वर, हवेत होता. तिने झटकन मागे घेतला. दुपारचे बारा वाजले होते, खोलीत लख्ख उजेड होता, खाली कुणीतरी गाडी धूत होतं.

"अहो... इथं काही आहे?"

एकदा मिटले डोळे.

"तुम्हाला दिसतं?"

दोनदा.

"लेन्समधून दिसतं?"

एकदा.

"माणूस आहे?"

त्याने डोळे मिटलेच नाहीत. तिच्याकडे पाहत राहिला. एकदाही नाही, दोनदाही नाही.

तिने वाकून पडद्यात पाहिलं. काही दिसेना. नुसता धुरकट पांढरा उजेड. कपाटाशेजारच्या खिडकीच्या पडद्याला बारीक भोकं होती. त्यांच्यातून येणाऱ्या उजेडाचे मोठे, मऊ गोल झाले होते, फोकस नसला की होतात तसे. पाहता पाहता तिच्या लक्षात आलं, मधले पाच-सहा गोल पुरे नव्हते. त्यांच्या कडा एका सरळ रेषेत कापलेल्या होत्या. मध्ये काहीतरी आडवं आल्याशिवाय असे गोल कापले जात नाहीत. तिने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. मध्ये काही नव्हतं. पुन्हा पडद्यात पाहिलं, तर आणखी एक गोल अर्धा झाला होता.

तिने दिराला परत बोलावलं आणि पलंग दुसऱ्या खोलीत हलवायला लावला. तिकडे उजेड जास्त येतो, असं कारण सांगितलं. कॅमेरा आणि स्टँड तिने मुद्दाम मागेच ठेवले. दिराने पलंग हलवला आणि जाताना फोनही खिशात घातला. "नादच नको. चार दिवस बघू." तिने अडवलं नाही. खरं तर तिला सुटल्यासारखं वाटलं. लेन्स नाही तर ते दिसणार नाही, आणि दिसलं नाही तर नसेलही, अशी तिने मनाची समजूत घातली.

तिसऱ्या दिवशी ती त्याला चमच्याने पाणी पाजत होती आणि तिचा चमचा तिथंच थांबला. त्याचे दोन्ही डोळे नाकाकडे वळले होते. नाकावर बसलेली माशी पाहायला वळावेत तसे. ती हाक मारत होती, पण तो डोळे तिच्याकडे आणू शकत नव्हता. आणायला धडपडत होता. गालावरून पाणी ओघळत होतं.

डॉक्टर येऊन गेले. "डोळ्यांची नस आहे. अशा पेशंटमध्ये होतं," म्हणाले. थेंब लिहून दिले.

त्या संध्याकाळी तिने दिराच्या घरी जाऊन भांडून फोन परत आणला. दीर दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, तुम्ही पण?" ती फोन पर्समध्ये टाकून निघाली. काय सांगणार होती? तो हलू शकत नव्हता, ओरडू शकत नव्हता, तोंडावर पांघरूण ओढून घेऊ शकत नव्हता. समोर काय आहे ते पाहणं एवढंच त्याच्या हातात उरलं होतं आणि तेही तिने काढून घेतलं होतं.

त्याच्या अंगठ्याने आधीच एका लिलावावर खूण करून ठेवली होती. एका वितीवरचं स्पष्ट दाखवणारी लेन्स. लिलाव दुसऱ्या दिवशी दुपारी चारला संपत होता. तिने लॅबमध्ये रजा सांगितली. पावणेचारपासून दोघं त्या फोनकडे पाहत बसले, म्हणजे ती पाहत होती. बोली कुणीतरी तिकडून वाढवत होतं आणि ती वाढवत होती. वीस सेकंद. दहा. तिचं बोट घामाने घसरत होतं. शेवटी पडद्यावर हिरवी पट्टी आली. मिळाली.

"अहो, मिळाली! मिळाली हो!"

त्याने एकदा डोळे मिटले. पण लेन्स लांबून येणार होती. नऊ दिवस.

ते दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. रोज ती त्याच्या उशाशी बसायची, त्याच्या चेहऱ्यासमोर हात फिरवायची, हाताला काही लागायचं नाही. सहाव्या रात्री तिचा डोळा लागला. सकाळी जाग आली तेव्हा तो तिच्याकडे पाहत होता. डोळे सरळ. ओठांवर हसू. आणि पांघरुणाबाहेर त्याचा डावा पाय, सात महिने लाकडासारखा पडलेला, घोट्यापाशी गोल गोल फिरत होता.

डॉक्टरांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. "असं आम्ही पाहिलेलं नाही," म्हणाले. दोन दिवसांत हात उठले. तिसऱ्या दिवशी तो आधार घेऊन खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसला. दीर त्याच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. इमारतीतल्या बायका दारात येऊन तिला म्हणाल्या, "बाई, तुमच्या सेवेचं फळ मिळालं हो." ती सगळ्यांना हात जोडत होती. पण खुर्चीकडे पाठ करत नव्हती.

दुपारी पार्सल आलं.

"काय आहे त्यात?" त्याने विचारलं. आवाज स्वच्छ होता.

"लेन्स आहे. तुमची."

त्याने ती हातात घेतली. उलटसुलट केली. मग पुढच्या काचेवर अंगठा ठेवून सावकाश घासला, भांड्याचा तळ घासावा तसा. काचेला बोट लागलं म्हणून तिच्याशी दोन दिवस अबोला धरणारा माणूस होता तो. "छान आहे," म्हणाला आणि तिला परत दिली.

तिने काच पुसली. कॅमेऱ्यावर लेन्स चढवली. आपण काय करतोय ते त्याला कळू नये म्हणून हसून म्हणाली, "बसा तसेच, तुमचा फोटो काढते." ती अगदी जवळ गेली, एका वितीवर, आणि रिंग फिरवू लागली.

त्याच्या कानामागचा खुर्चीचा वेत स्पष्ट झाला, एकेक धागा मोजता यावा इतका. शर्टाची कॉलर, तिच्यावरची शिवण स्पष्ट झाली. चेहरा झाला नाही. कॉलरच्या वर, केसांच्या खाली, नुसती धूसर त्वचेच्या रंगाची जागा. तिने रिंग उलटी फिरवली. कॉलर विरघळली. खुर्ची विरघळली. मागची खिडकी स्पष्ट झाली, मग तीही गेली. समोरच्या इमारतीवरच्या टाक्या आल्या. रिंगच्या शेवटी आडव्या इंग्रजी आठाची, म्हणजे अनंताची खूण असते. त्या खुणेवर ढग दिसतात, तारे दिसतात, ज्याच्यापुढे मोजता येत नाही ते दिसतं. रिंग तिथं जाऊन टेकली आणि चेहरा स्पष्ट झाला.

तिच्या नवऱ्याचा चेहरा. दाढीचे पांढरे खुंट, भुवईतली जुनी खोक, सगळं. डोळे तिच्यावर होते. तोंड पूर्ण उघडं होतं आणि गळ्याच्या शिरा ताणलेल्या होत्या. त्या स्वच्छ, शांत खोलीत आवाजाचा मागमूस नव्हता.

तिने मान वर केली. खुर्चीत तो हसत बसला होता.

"बघू," तो म्हणाला. त्याने हात लांब केला, पाचही बोटांनी रिंग धरली आणि हळूहळू फिरवली. पडद्यावरचा चेहरा मऊ झाला, पसरला, पुसला गेला. "आता बरं दिसतंय," तो म्हणाला.

यालाही आता वर्ष होत आलं. तो स्टुडिओत जातो, जेवतो, कुणाशी वाकडं बोलत नाही. ती लॅबमध्ये जाते. कुणाला सांगायची तिची छाती झाली नाही, आणि सांगून कोण काय करणार होतं? दुपारी तो झोपला की ती ती लेन्स लावते, त्याच्या उशाशी उभी राहते आणि रिंग शेवटच्या खुणेपर्यंत नेते. सुरुवातीला काही महिने चेहरा रोज दिसायचा.

हल्ली त्या खुणेवरही तो धूसर असतो. रिंग पुढे जात नाही. बोटं पांढरी पडेपर्यंत ती जोर लावते, धातूला धातू घासल्याचा बारीक आवाज येतो, आणि पलंगावरून, डोळे न उघडता, तो म्हणतो, "अगं, मोडशील ती."