शेऱ्याचा रकाना

उद्या तुम्ही सगळे बंदरावरचा जुना मनोरा बघायला जाणार, असं कानावर आलं. जा. वरून फार छान दिसतं. एका बाजूला जुनं गाव, लाल कौलं, अरुंद गल्ल्या. दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी. हवे तेवढे फोटो काढा. फक्त सहाची घंटा झाली की मुकाट्याने खाली या.

"मामा, आता यात भूत येणार ना?" धाकट्या भाचीने विचारलं.

"ते मला माहीत नाही, बाई. मी बत्तीस वर्षं पर्यटन खात्यात कारकून होतो. आमच्याकडे जे काही यायचं, ते अर्ज घेऊन यायचं."

मनोऱ्याचा रखवालदार माझा मित्र. ऑफिसात सगळे त्याला 'लिफ्ट' म्हणत, कारण मनोऱ्याला लिफ्ट नव्हती आणि हा गृहस्थ दोनशे अकरा पायऱ्या कधी चढत नसे. नियम असा होता: सहाला घंटा द्यायची, लोक उतरले की स्वतः वर जायचं, सज्जात कोणी राहिलेलं नाही हे डोळ्यांनी बघायचं आणि तिथेच ठेवलेल्या वहीत लिहायचं, 'पाहणी केली. वर कोणी नाही.' पुढे सही. त्यापुढे शेऱ्याचा रकाना. तो आमच्या खात्यात कोणी कधी भरला नाही. वही वर ठेवली होती ती मुद्दाम, सहीसाठी तरी माणूस चढेल म्हणून. लिफ्टने पहिल्याच आठवड्यात ती खाली आणून टेबलाच्या खणात ठेवली आणि चहा पितापिता सही करू लागला. कधीकधी तर रविवारची पाहणी शनिवारीच उरकून टाकायचा.

"आणि हे तुम्हाला माहीत होतं?" मोठा भाचा म्हणाला.

"सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर कोणी काही बोललं नाही."

तर नोव्हेंबरची सतरा तारीख, गुरुवार. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. अंधार पडलेला. सही झालेली, वही खणात, खणाची किल्ली खिशात. लिफ्ट मनोऱ्याच्या दाराला कुलूप लावत होता, इतक्यात मागून आवाज आला.

"भाऊ, आमचे हे अजून वर आहेत."

समोर दिव्याखालच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. मांडीवर पिशवी. पिशवीवर पुरुषाचा स्वेटर, नीट घडी घातलेला.

"वर कोणी नाही, आजी. गेले असतील पुढे."

"माझे गुडघे दुखतात, म्हणून मी खालीच बसले. म्हणाले, वरून तुला हात करतो. वर वारा आहे हो. स्वेटर माझ्याकडेच राहिला."

"अहो, कोणी नाही म्हणतोय ना. वहीत लिहिलंय तसं."

"तुम्ही बघून आलात?"

आता गंमत बघा. वीस वर्षांत त्याला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. साहेबांनीही नाही. 'हो' म्हणायला त्याने तोंड उघडलं... आणि हात किल्लीकडे गेला. म्हातारी बघत होती. रागाने नाही. नुसती वाट बघत होती.

त्याने कुलूप काढलं. "बसा. आलोच."

मोबाइलच्या उजेडात चढायला लागला. पन्नास पायऱ्या. दम लागला. शंभर. भिंत गार, ओलसर. दीडशेच्या पुढे कुठेतरी त्याला ऐकू आलं.

कोणीतरी दार ठोठावत होतं.

सज्जाचं दार. वाऱ्याने ते लागलं की बाहेरून उघडत नाही. तशी तक्रार आमच्या फायलीत होती. आवाज बाहेरूनच येत होता. थकलेला. तीन ठोके. मग काही नाही. पुन्हा तीन.

"आलो..." तो म्हणाला.

ठोके थांबले.

त्याने दार ओढलं. सज्जा रिकामा. सगळी फेरी मारली. पाणी. गावाचे दिवे. वारा. कोणी नाही...

कठड्यावरून खाली बघितलं. म्हातारी बाकावरच होती. मान वर करून. तिने हात हलवला.

त्याला नाही. त्याच्या शेजारी बघून.

"मामा..."

ऐका. तो उतरला. मागे वळला नाही. दोनशे अकरा पायऱ्या. प्रत्येक पावलामागे आणखी एक पाऊल. हळू. वयस्कर माणसाचं. हा थांबला की तेही थांबे. खाली पोचल्यावर लिफ्ट बाहेर आला आणि दार उघडं धरून उभा राहिला. का, असं मी पुढे विचारलं, तर म्हणाला, "त्यांना वेळ लागत होता."

बाक रिकामा होता. पिशवी नाही. स्वेटर नाही.

रात्री नऊला तो माझ्या घरी आला. खणातली वही काढून आणली होती, पण उघडायची हिंमत नव्हती. सकाळी मी जुन्या फायली काढल्या. चार वर्षांपूर्वीचा अर्ज सापडला: 'माझे पती मनोरा पाहण्यास वर गेले, ते उतरले नाहीत.' सज्जाखाली समुद्राच्या बाजूला सरळ खोल पाणी आहे. पती कधीच सापडले नाहीत. कार्यालयाने चौकशी केली ती वहीची, माणसाची नाही. लिफ्टपर्यंत प्रकरण गेलंच नाही. उत्तर गेलं: 'नोंदवहीनुसार वर कोणी नव्हते. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' बाईंची सात पत्रं. सातही वेळा तेच उत्तर. आठवं पत्र शेजाऱ्याचं: बाई वारल्या, आता उत्तरं पाठवू नयेत. त्याचीही आम्ही पोच पाठवली होती.

"उत्तरं कोण लिहायचं, मामा?"

"टाइप मी करायचो."

वही माझ्या कपाटात आहे. अर्ज सापडला त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून ती उघडली. आधीच्या वर्षांच्या वह्या रद्दीत गेल्या. ही एकच उरली. एक जानेवारीपासून रोज एक ओळ, 'पाहणी केली. वर कोणी नाही.' पुढे लिफ्टची झोकदार सही. आणि त्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात, पेन्सिलीने, म्हाताऱ्या वाकड्या अक्षरात, एकच शब्द.

'आहे.'

रोज. तीनशे वीस ओळी. सही करताना लिफ्टला हा रकाना रोज कोराच दिसला होता.

सतरा नोव्हेंबरच्या ओळीपुढे काही नाही. तिथे फक्त पेन्सिल टेकल्याचा एक ठिपका आहे... लिहायला घेतलं, आणि कोणीतरी खालून हाक मारली, असा.