अठ्ठ्याऐंशी नंबरचं झाड

हसायचं तर हसा. पण नेड्रा माझ्या शेजारी राहते आणि हे तिने स्वतः मला सांगितलंय.

अपालाचिकोला नदीकाठचं सरकारी उद्यान. नोव्हेंबरचा दुसरा शनिवार, दुपारचे तीन.

टोरेयाची झाडं उरलीत ती जवळपास इथल्याच उतारांवर, आणि तीही रोगाने चाललीत. म्हणून दरवर्षी मोजणी होते. एकाने खोडाचं माप ओरडायचं, दुसऱ्याने ते मोठ्याने परत म्हणून लिहायचं, म्हणजे चूक होत नाही. शेवटी 'जिवंत' किंवा 'मेलं'. मेलं, तर झाडावरचा नंबराचा बिल्ला काढून आणायचा.

वीस वर्षं नेड्रा ओरडायची आणि तिचे डॅडी, ऑर्विल, लिहायचे.

त्या शनिवारच्या तीन वर्षं आधी डॅडींची होडी नदीत सापडली.

रिकामी…

तिची आई लुरीन तरीही रोज त्यांचं ताट वाढायची.

"ममा, आता दफनभूमीत त्यांच्या नावाचा दगड बसवू या गं."

"डोकं फिरलंय का तुझं? त्याने लावलेलं झाड हिरवं आहे ना? मग तोही आहे. झाड गेलं की बसव दगड. मी चकार शब्द काढणार नाही."

त्या शनिवारी नेड्राचा मोजणीतला नवा जोडीदार क्लीव्हन तापाने पडला. ती एकटीच दरीत उतरली. धुकं होतं. पहिलं झाड मोजलं आणि सवयीने ओरडली,

"नऊ सेंटीमीटर! जिवंत!"

खालून, नदीकडून, कुणीतरी खाकरलं…

"नऊ सेंटीमीटर. जिवंत."

प्रतिध्वनी असेल, असं तिने मनाला बजावलं. पण प्रतिध्वनी आधी खाकरत नाही. डॅडी खाकरायचे. दर वेळी.

पुढचं झाड. "सहा! जिवंत!"

"सहा. जिवंत."

या वेळी आवाज जवळून आला.

पक्षी गप्प झाले होते. चुरगळलेल्या टोरेयाच्या पाल्याचा उग्र वास येत होता. तिने तर एकही पान तोडलं नव्हतं…

अठ्ठ्याऐंशी नंबर. डॅडींनी लावलेलं झाड.

एकही पान नाही. नखाने साल खरवडली. आत सगळं तपकिरी.

ती खोटं बोलली.

"सात! जिवंत!"

शांतता.

"जिवंत! डॅडी, म्हणा ना!"

काही नाही…

शेवटी ती रडत पुटपुटली, "मेलं."

अगदी मानेमागे कुणीतरी खाकरलं.

"मेलं."

तिने मागे वळून पाहिलं नाही. बिल्ला उपटला आणि चढ चढत धूम ठोकली. घरी लुरीनने तो बिल्ला हातात घेतला, बराच वेळ पाहिला, आणि डॅडींचं ताट कपाटात ठेवून दिलं. नाताळाआधी दगड बसला.

इथवरच असतं तर मीही ते विसरले असते.

पण गेल्या नोव्हेंबरात ती क्लीव्हनबरोबर परत गेली. त्या वाळक्या खोडापाशी तो गुडघ्यांवर बसला.

"अगं नेड्रा, इकडे ये! मुळातून कोंब फुटलाय, हिरवागार! लिही, जिवंत!"

तिने झेप घेऊन त्याचं तोंड दाबलं. उशीर झाला होता.

खाली नदीपाशी कुणीतरी खाकरलं…

"जिवंत."

क्लीव्हननेही ऐकलं. त्याने मोजणी कायमची सोडली.

ममाला दोघांनीही काही सांगितलं नाही. पण त्या संध्याकाळी नेड्रा घरी पोचली, तेव्हा टेबलावर तिसरं ताट वाढलेलं होतं.

माझी खिडकी त्यांच्या टेबलासमोरच आहे. जेवणाच्या वेळी मी पडदा ओढून घेते.