कारंज्याचा दगड

सुलभाताईंनी ते जपानी कारंजं हौसेनं मांडलं असं कुणाला वाटेल. हौस कसली डोंबलाची! घरात नवरा अंथरुणाला खिळलेला. मुकुंदराव म्हणजे बँकेत जन्मभर गिऱ्हाइकांशी गप्पा मारलेला माणूस. अर्धांगाचा झटका आला आणि एका रात्रीत अगदी मुके झाले. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम यायच्या, त्या म्हणाल्या, कानावर ठेक्यातला आवाज सतत पडू द्या, कदाचित वाचा परत येईल. त्या 'कदाचित'वर बाईनं काय काय केलं नाही! नवस बोलून झाले, टाळ वाजवून झाले. मग मुलानं, सौरभनं, मोबाइलवर ते बांबूचं कारंजं दाखवलं.

साधीच गोष्ट असते ती. बांबूचा पोकळ नळा मधोमध खिळीवर तोललेला, वरून पाण्याची बारीक धार. नळा भरला की पुढं झुकतो, पाणी ओततो आणि हलका होऊन मागं पडतो, खालच्या दगडावर. ठक्. पुन्हा भरतो, पुन्हा ठक्.

रो-हाउसच्या पुढच्या टीचभर बागेत, मुकुंदरावांच्या खिडकीखाली, सौरभनं कुंड बसवलं, पंप जोडला, बांबू तोलला. दगड तेवढा मनासारखा मिळेना. फरशीच्या तुकड्याचा आवाज कोरडा यायचा, वीट भिजून फुटली. म्हणून सुलभाताई स्वतः तापीवर गेल्या. नदी बरीच ओसरली होती, घाटाच्या शेवटच्या पायरीखालचा गाळ उघडा पडून तडकला होता. त्यात एक काळा, चपटा गोटा दिसला. हाताला जरासा तेलकट लागला, पण त्यांनी तो पदरात बांधून आणला.

आवाज मात्र सुरेख आला. पहिल्याच संध्याकाळी मुकुंदरावांनी मान खिडकीकडे वळवली. सुलभाताईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. दोन दिवसांनी ओठ हलले, आणि मग ते स्पष्ट बोलले.

"माले पानी दे व माय..."

आनंदाच्या भरात सुलभाताईंना कळलंच नाही की हे काय बोलणं आहे. कळलं ते रुक्मिणीला. ती पांडेसऱ्याच्या वस्तीतून स्वयंपाकाला यायची, मूळची खानदेशातली. तिच्या हातातला झारा खाली पडला. "ताई, हे तर आमचं अहिराणी बोलणं आहे," ती हळूच म्हणाली. "साहेब तर साताऱ्याकडचे ना?"

मुकुंदरावांना अहिराणीचा गंधही नव्हता. पण ते पाणी मागत राहिले, पेल्यामागून पेला, आणि तहान काही भागेना. "माले घर जानं शे," म्हणायचे. सुलभाताई उशाशी बसल्या की अंग चोरून घ्यायचे, परक्या बाईपासून घ्यावं तसं. रुक्मिणीनं दुसऱ्या दिवसापासून येणं बंद केलं.

सुलभाताई बागेत आल्या. सकाळीच घासलेल्या कुंडात तेलाचे तवंग फिरत होते. त्यांनी दगड उचलला, वास घेतला, आणि तो ओळखला. सासऱ्यांच्या दहाव्याला त्यांनी स्वतःच्या हातानं असंच तेल घातलं होतं... जिवखड्यावर. चितेभोवती फिरताना ज्या दगडानं मडक्याला भोक पाडतात, तो हा. दहा दिवस गेलेल्याचा जीव त्यात राहतो म्हणतात, मग तेल घालून त्याला नदीत सोडतात. या कुणाला तरी सोडलं होतं, पण नदीच त्याच्यापासून सरकली होती. बिचारा कोरड्या गाळात पाण्यासाठी तळमळत पडला होता, आणि त्याला उचलून आणणाऱ्या आपण!

त्यांनी रिक्षा केली, पुलाच्या मध्यावर उतरल्या, हात जोडून क्षमा मागितली आणि दगड धारेत टाकला. घरी आल्या तर मुकुंदराव गप्प. नुसते गप्प नाही, पाणी गिळणंही थांबलं. डॉक्टरांनी सौरभला बाजूला घेऊन तयारीत राहा म्हणून सांगितलं.

सुलभाताईंनी ते ऐकलं. दुपारभर नवऱ्याचा हात धरून बसल्या, आणि मग एकाएकी उठल्या.

"आवाज कुणाचा का असेना," त्या सौरभला म्हणाल्या. "तोंड तर यांचं होतं ना? मी दुसरा दगड घेऊन येते."

सौरभ नको नको म्हणत राहिला. त्या निघूनही गेल्या.

ऊन कलत होतं. घाटाखाली गुडघाभर चिखलात उतरून त्या दोन्ही हातांनी चाचपत राहिल्या. देवा, कुणीही दे रे, कुणीही चालेल, असं पुटपुटत होत्या. काठावरची माणसं बघत होती. त्यांना शुद्ध कुठली! शेवटी बोटांना एक गोटा लागला. गार चिखलात तो तेवढा कोमट होता.

घरी पोचल्या तेव्हा आतून सौरभचा फोनवरचा आवाज येत होता. त्या आत गेल्याच नाहीत. दगड जागेवर ठेवला, पंपाचं बटण दाबलं. नळा भरता भरेना. मग एकदाचा झुकला.

ठक्.

"सुलू..." खिडकीतून आवाज आला. "पाणी..."

त्यांचाच आवाज, अगदी पूर्वीचा! सुलू म्हणणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. हसत, रडत, चिखलाच्या पायांनी त्या घरात धावल्या. सौरभनं दारातच त्यांचे खांदे धरले.

"आई... बाबा गेले गं. तू नदीवर होतीस तेव्हाच. किती फोन केले तुला..."

त्याच्या खांद्यावरून त्यांना खाट दिसली. मुकुंदरावांचे डोळे मिटवले होते. तोंड उघडं पडू नये म्हणून हनुवटीखालून रुमाल घेऊन डोक्यावर गाठ मारली होती, घट्ट.

बाहेर बांबू पडला. ठक्.

"सुलू... पाणी..."

सौरभनंही ऐकलं. रुमाल हललासुद्धा नव्हता. तो पांढराफटक पडला आणि बटणाकडे धावला, पण सुलभाताईंनी त्याचं मनगट धरलं.

"हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "इतक्या दिवसांनी बोलतायत ते."

त्यांनी तांब्या भरला. खाटेकडे गेल्या नाहीत, बागेत गेल्या, आणि सगळं पाणी त्या दगडावर ओतलं. खाली कुंडात एक थेंबही उतरला नाही.

"सुलू..." आतून आवाज आला. "अजून."