बा तोकची काठी

हे घडलेलं आहे. आधीच सांगून ठेवतो.

मला भुताखेतांच्या गप्पा मारायची हौस नाही. असती, तर चहाच्या दुकानात बसून रोज मारल्या असत्या. पण यातली अर्धी गोष्ट माझ्या चुलतबहिणीच्या जिवावर बेतलेली आहे, आणि शेवटचं जे आहे ना, ते मी या माझ्या कानांनी ऐकलंय.

जागा चिंदविन नदी. कलेवाच्या वरच्या अंगाला, तमागोन गावचा घाट. महिना प्याथो, कडाक्याच्या थंडीचा. सकाळचे सात वाजले असतील.

आणि धुकं... असं, की स्वतःच्या पायातल्या चपला दिसेनात.

अशा धुक्यात आमच्याकडे कुणी होडी सोडत नाही. पण त्या दिवशी को न्योला सोडावीच लागली.

को न्यो माझ्या बहिणीचा, मा चोचा नवरा. मोठ्या मोटारहोडीचा तांडेल. मा चोला आदल्या दुपारपासून कळा येत होत्या आणि मूल आडवं आलं होतं. सुईण दॉ शिनने रात्रभर सगळं करून बघितलं. पहाटे तिने हात टेकले.

“आता माझ्याच्याने व्हायचं नाही,” ती म्हणाली. “दुपारच्या आत कलेवाचा दवाखाना गाठ. नाहीतर दोघांतलं एकही हाती लागायचं नाही.”

“मावशी, धुकं बघितलंत का बाहेर?”

“मी बघितलंय. तुझ्या बायकोला दाखवू का? तिला विचार, थांबतेस का म्हणून.”

को न्योने इंजिन सुरू केलं.

आमची नदी पावसाळ्यात दोन्ही काठ गिळते आणि थंडीत वाळूवर पडून राहते. दर साली वाट बदलते. गेल्या वर्षी जिथून होडी जायची, तिथे यंदा कुणीतरी भुईमूग लावलेला असतो. म्हणून होडीच्या तोंडाशी एक माणूस काठी घेऊन उभा राहतो. बांबूची काठी, तिच्यावर हाताहाताला लाल-पांढरे पट्टे. तो काठी पाण्यात टाकतो आणि ओरडतो, “तीन हात!” मागून तांडेलाने तोच आकडा परत ओरडायचा. म्हणजे त्याला कळतं की ऐकलंय.

आणि घाट आला की तांडेल म्हणतो, “काठी वर!”

ते ऐकल्याशिवाय काठीवाला काठी खाली ठेवत नाही. हात गळून पडले तरी नाही. त्यातून काठीवाला नदीत गेला, तर तांडेलाने त्या जागी जाऊन होडीवर तीनदा थाप मारायची आणि “काठी वर!” म्हणायचं. तेव्हा कुठे तो सुटतो. भिक्खूंना जेवण घाला, पुण्य वाटा, सगळं करा. पण हे पहिलं.

को न्योचा काठीवाला होता बा तोक. साठीचा म्हातारा, सदा खोकणारा. दिव्यांच्या पौर्णिमेनंतर, पाणी उतरत असताना, हत्तीवळणावर तो नदीत गेला. सापडला नाही.

को न्योने गावात सांगितलं, “म्हाताऱ्याने आकडा चुकवला. होडी वाळूवर आदळली.”

खरं काय होतं?

म्हातारा दोनदा ओरडला होता, “एक हात! एक हात!” आणि को न्यो मागे उतारूंबरोबर कुस्तीच्या गप्पा मारत खिदळत होता. त्याने आकडा परत दिलाच नाही.

म्हणून तो हत्तीवळणावर “काठी वर” म्हणायला गेला नव्हता. आज जातो, उद्या जातो करत दोन महिने काढले. कुठल्या तोंडाने जाणार?

आणि आता त्याच वळणावरून जायचं होतं... धुक्यात... बायकोला घेऊन.

काठीवर त्याचा मेहुणा को लाट होता. चांगला तिशीचा गडी, पण शेतकरी. काठी धरायची कशी तेही त्याला नीट ठाऊक नव्हतं.

“चार हात!”

“चार हात!”

“दाजी, मला काहीच दिसत नाहीये हो!”

“तुला बघायला कोण सांगतंय? काठी टाक!”

मागे मा चो विव्हळत होती. दॉ शिन तिच्या कपाळाला तेल चोळत म्हणाली, “ओरड गं बाई, मोकळेपणाने ओरड. या खटाऱ्याच्या इंजिनापुढे तुझं काय ऐकू येतंय!”

तासभर असंच गेलं.

मग मा चोचं ओरडणं थांबलं.

ते जास्त वाईट होतं.

“न्यो,” दॉ शिनचा आवाज बदलला होता. “जोरात घे.”

त्याने जोरात घेतलं. किनारा नाही, आकाश नाही. पाण्यात रोवलेले खुणेचे बांबूही दिसेनात. पण सुकाणू हाताखाली ओढायला लागलं तसं त्याला कळलं... हत्तीवळण आलं.

“साडेतीन हात!” को लाट ओरडला.

“साडेतीन हात!”

आणि पुढून कुणीतरी खोकलं...

को लाट नव्हता. त्याच्याही पुढून. होडीच्या पुढे, जिथे नुसतं पाणी होतं, तिथून.

मग पाण्यात काठी पडल्याचा आवाज.

“एक हात!”



को लाट मागे वळला. तोंड पांढरंफटक. “दाजी... मी नाही बोललो. इथे साडेतीन आहे. आईशप्पथ साडेतीन आहे!”

“एक हात!”

तोच आवाज. तेच शेवटी जरा ओढून म्हणणं. दोन महिन्यांपूर्वीही तो असाच दोनदा ओरडला होता.

 मग को न्योने जीव खाऊन ओरडून आकडा परत दिला.

“एक हात!”

सुकाणू उजवीकडे दाबलं. होडी कलली, दॉ शिन शिव्या घालू लागली. डावीकडे धुकं जरासं विरलं... आणि एक अख्खं बुडालेलं झाड दिसलं. पाण्याबाहेर फक्त वीतभर, बाकी सगळं खाली. होडी त्याला घासून गेली.

पुढून आवाज आला, “दोन हात!”

“दोन हात!”

“अडीच हात!”

“अडीच हात!”

को न्यो रडत होता आणि आकडे परत देत होता. एकही चुकवला नाही. को लाट काठी छातीशी धरून मटकन खाली बसला होता. तो वाटभर उठलाच नाही. तरी कलेवाच्या घाटापर्यंत आकडे येत राहिले.

मा चो वाचली. मुलगी झाली. नाव ठेवलं न्हिन, म्हणजे धुकं.

पण घाटावर धावपळ होती. स्ट्रेचर, डॉक्टर, रक्त. त्या गडबडीत को न्यो “काठी वर” म्हणायचं विसरला.

विसरला, असं तो म्हणतो. मी तेव्हा विश्वास ठेवला.

आठवड्याने तो नारळ आणि फुलं घेऊन एकटाच हत्तीवळणावर गेला. होडीवर तीनदा थाप मारली. तोंड उघडलं...

आणि त्याच्या मनात आलं, पुन्हा धुक्यात जायची वेळ आली तर?

तोंड मिटलं. परत आला. बायकोला म्हणाला, “सांगून आलो. सुटला बिचारा.”

मा चो काही खुळी नाही. अख्ख्या नदीवर धुक्यात होडी हाकणारा एकच तांडेल, आणि तो तिचा नवरा. लोक त्याची तारीफ करायचे. ती मात्र दर थंडीत त्याच्या मागे लागायची. “जाऊन म्हण हो एकदा. तो माणूस पाण्यात उभा आहे.”

“पोर मोठी होऊ दे.”

मग, “तिची शाळा होऊ दे.” कारण शाळा पलीकडच्या काठाला.

मग, “तिचं लग्न होऊ दे.”

अशी वीस वर्षं गेली.

गेल्या प्याथो महिन्यात न्हिनला सातवा लागला होता. तिला दाखवायला कलेवाला न्यायचं होतं. मीही बरोबर गेलो. सकाळची वेळ, दाट धुकं. होडीच्या तोंडाशी काठीवाला नव्हताच. को न्यो आता कुणाला ठेवतच नाही.

मी सुकाणूपाशी बसलो होतो. हत्तीवळण आलं.

खोकला ऐकू आला... लांबून, ओला, दमलेला.

“तीन... हात.”

“तीन हात,” को न्यो म्हणाला. सवयीने, कुणी नमस्कार केला की आपण करतो तसा.

 मी त्याचा दंड धरला. “अरे, म्हण ना! आत्ता म्हण! दोनच तर शब्द आहेत!”

त्याने न्हिनकडे बघितलं. ती शाल पांघरून, पोटावर हात ठेवून झोपली होती.

“हिची सुटका होऊ दे, दादा,” तो म्हणाला. “मग नक्की म्हणतो.”

पुढचा आकडा आला नाही.

इंजिन धडधडत होतं. पाण्यात काठी पडल्याचा आवाज झाला, पण आकडा नाही... एकदा. दोनदा.

मग अगदी जवळून, होडीचा काठ धरून कुणी उभं असावं इतक्या जवळून, म्हाताऱ्याने विचारलं,

“न्यो... ठेवू का रे आता?”

को न्यो समोर बघत राहिला. 



झोपलेल्या न्हिनकडे बघून मी त्याचा धरलेला दंड सोडला.

थोड्या वेळाने पुढून पुन्हा आवाज आला...

“अडीच हात.”

आणि को न्योच्या आधी मीच तो आकडा परत दिला.