न भरलेला रिटर्न

चोरी झाली म्हणून रडत येणारी माणसं काकांनी पुष्कळ पाहिली होती. न मागता काहीतरी मिळालं म्हणून रडत आलेली ही पहिलीच.

"आधी बस," काकू म्हणाल्या. "आणि अहो, चहा."

काका उठले. काकूंनी उभी हयात विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर तेच काम त्या लॉन्ड्रीवरच्या आपल्या घरात, पुढच्या खोलीत बसून खासगीत करत, आणि काका चहा करत. काकांनी जन्मभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवले होते. जगाला नीट दिसावं म्हणून झटलेल्या या माणसाला स्वतःला मात्र बोट दाखवल्याशिवाय काही दिसत नाही, असं काकूंचं मत होतं. काकांचं मत कोणी विचारलेलं नव्हतं.

आलेली बाई बाजारातल्या दुकानात पडदे शिवायची. सगळे तिला पडदेवालीच म्हणत. नवऱ्याबरोबर या देशात आली, नवरा गेला, ती राहिली. चहाचा कप तिने दोन्ही हातांनी धरला आणि एका दमात सांगायला लागली.

"नागरिकत्वाचा अर्ज केलाय, काकू. गुरुवारी मुलाखत. पाच वर्षांचे कराचे रिटर्न दाखवावे लागतात. चार वर्षांचे आहेत. मधल्या एका वर्षी मी पडले, शिवण सुटलं, कमाई एवढीशी झाली. करसल्लागार म्हणाले, कर बसत नाही तर रिटर्न कशाला? म्हणून भरलाच नाही. आता कळलं की कर बसो न बसो, नागरिकत्वाला तो लागतोच. जीव मुठीत धरून कर कचेरीत गेले, म्हटलं उशिरा भरते, काय दंड असेल तो घ्या. तर खिडकीवरची बाई म्हणाली, भरलाय की! वेळेत भरलाय!"

"मग रडतेस कशाला?" काकांनी विचारलं. "आमच्या नशिबी कधी असं आलं नाही."

"अहो काका, मी भरलेलाच नाही ना!"

तिने कचेरीतून आणलेली प्रत पुढे ठेवली. नाव तिचं, पत्ता तिचा, दुकानाचा पगार बरोबर. खाली सही. काकूंनी भिंग मागितलं. जुन्या धंद्यातलं एक चांगलं भिंग काकांनी जपून ठेवलं होतं.

सही म्हणजे पावसात सापडलेला मुंगळा. अक्षरं एकमेकांच्या अंगावर कोसळलेली, आणि शाई उजवीकडे फरफटत गेलेली.

"ही माझी नाही," पडदेवाली म्हणाली आणि बाकीच्या चार वर्षांच्या सह्या दाखवल्या. एकसारख्या, टाक्याटाक्याने घातल्यासारख्या. "गुरुवारी शपथ घेऊन सांगायचंय की हे सगळे कागद माझे. हा माझा म्हटलं तर खोटी शपथ. माझा नाही म्हटलं तर कोणीतरी माझ्या नावाने खोटी सही केली, म्हणजे चौकशी. चौकशी म्हणजे अर्ज फडताळात. माझी मुलगी तिकडे आजीपाशी आहे, काकू. मी नागरिक झाले तरच तिला आणता येतं, आणि तेही ती अठराची व्हायच्या आत. झालीच आहे ती आता घोड्याएवढी."

बोलता बोलता ती उजवं मनगट चोळत होती. बाहेर आभाळ भरून आलं होतं.

"हे सगळं तुझ्या घरच्या कोणाला माहीत?"

"घरचं कोण? एक नणंद आहे, दोन गल्ल्या सोडून. त्यांच्याशी बोलणं नाही. कुकर नेला होता त्यांनी माझा. परत मागितला तर म्हणाल्या, तुझं तोंड नको, तुझा कुकर नको. आणि कुकर ठेवून घेतला."

काकूंच्या कपाळावर एक आठी पडली. काकांना वाटलं, कुकर गेला म्हणून.

*

करसल्लागाराचं ऑफिस जिन्याखाली होतं. माणूस बसला की उभं राहायला जागा नाही, आणि उभा राहिला की डोकं जिन्याला लागे. म्हणून तो सगळी कामं बसूनच करी, आणि सल्लेही बसल्या बसल्याच सुचलेले असत.

"कर बसत नाही, मग रिटर्न कशाला?" तो म्हणाला. "सरकारला उगाच कागद खाऊ घालायचे?"

"नागरिकत्वाला लागतो म्हणतात."

"मला कोणी विचारलं नागरिकत्वाचं? मला कराचं विचारलं, मी कराचं सांगितलं. आणि बाई, मी केलेल्या प्रत्येक रिटर्नवर माझा शिक्का असतो. ह्याच्यावर आहे? नाही. फुकटात तर मी माझा स्वतःचाही भरत नाही."

त्याने पडद्यांच्या दुकानाचा पत्ता लिहून दिला. भराभर, वळणदार अक्षरात, आणि डाव्या हाताने.

काकांच्या अंगावर काटा आला. गल्लीत येईपर्यंत त्यांनी कसाबसा धीर धरला. "डावरा! पाहिलंत? डाव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात ओल्या शाईवरून जातो. शाई उजवीकडे फरफटते. हाच तो!"

"शाब्बास," काकू म्हणाल्या.

काका इतके सुखावले की पुढची आख्खी गल्ली त्यांना चढ असूनही उतार वाटली.

"फक्त त्याने आत्ता लिहिलेला पत्ता बघा," काकू म्हणाल्या. "शाई कुठे फरफटली आहे का?"

काकांनी पाहिलं. पत्ता स्वच्छ होता. गल्ली पुन्हा चढाची झाली.

*

पडद्यांच्या दुकानाची मालकीण कापड फाडावं तसं बोलत होती.

"मी का भरू तिचा रिटर्न? माझा भरताना मला चक्कर येते. कामाला चांगली आहे हो, पण त्या वर्षी ऐन हंगामात ओल्या पायरीवरून पडली. पडायचं तर मंदीत पडावं माणसानं! बरं, दया आली म्हणून काउंटरवर बसवली. म्हटलं शिवू नकोस, फोन तरी घे. तर एक ऑर्डर लिहून ठेवील तर शपथ! सगळं तोंडपाठ. 'निळे पडदे, उंच खिडकी, लक्षात ठेवा' म्हणे. मी काय लक्षात ठेवायला बसलेय?"

"पगाराचा दाखला दिला होतात?"

"मागितला तर दिला. तोही म्हणे पिशवीत तुम्हीच घाला. पिशवीची चेनसुद्धा मी लावून दिली. महाराणी!"

"मागे कधी असे नखरे केले होते?"

मालकीण थबकली. "नाही, तशी नाही ती," ती नाइलाजाने म्हणाली.

बाहेर पडल्यावर काकांना पडदेवालीची दया आली. "पाय मोडला असणार बिचारीचा."

काकू काही बोलल्या नाहीत. बायको गप्प झाली की तिला काहीतरी कळलेलं असतं, एवढं काकांना संसाराने शिकवलं होतं.

*

नणंदेने दार अर्धंच उघडलं. उंच, हाडापेराने मजबूत बाई. ओट्यावर कुकर होता. काकांनी तो ओळखला. निदान ओळखल्यासारखा चेहरा केला.

"वहिनीने पाठवलंय?"

"नाही. तिच्या नावाने कोणीतरी रिटर्न भरलाय, त्याची चौकशी आहे."

नणंदेचा चेहरा बंद दुकानासारखा झाला. "मला काय माहीत? मी केलं ते वहिनी विसरली. दोन महिने माझ्या हातचं जेवली. भरवलंय मी तिला! रोज सकाळी वेणी कोणी घातली, विचारा तिला. आणि बरी झाल्यावर तोंड वर करून कुकर मागते."

"तुम्ही नाही का केला नागरिकत्वासाठी अर्ज?"

"केला होता. मागे घेतला. मला नकोच ते. इथे आहे तशी बरी आहे मी."

"वहिनीचं अवघडच दिसतंय," काकू सहज म्हणाल्या. "त्या वर्षी कर बसत नव्हता म्हणून तिने—"

"कर बसत नसला तरी कागद लागतो!" नणंद ताडकन म्हणाली. "तिथं कोणी ऐकून घेत नाही. लागतो म्हणजे लागतो."

"असं होय," काकू म्हणाल्या. "तुमचे कर कोण बघायचं? जिन्याखालचे ते?"

"त्या मेल्याचं नाव काढू नका," नणंद म्हणाली आणि दार लावलं.

रस्त्यावर आल्यावर काका म्हणाले, "ही काही कबूल होत नाही. आणि खोटी सही करण्याइतकं प्रेम दिसत नाही."

"खोटी सही कोणी केलीच नाहीये," काकू म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी सगळ्यांना बोलवा. आणि शेजारून दोन खुर्च्या आणा."

*

खुर्च्या मिळाल्या नाहीत. करसल्लागाराला स्टुलावर बसावं लागलं, आणि डोक्यावर जिना नसल्यामुळे तो जरा बावरलेला दिसत होता. मालकीण घड्याळ बघत होती. पडदेवाली आणि नणंद खोलीच्या दोन टोकांना, एकमेकींना सोडून सगळीकडे बघत बसल्या होत्या.

काकूंनी पडदेवालीसमोर कोरा कागद ठेवला. "सही कर."

तिने केली. टाक्याटाक्याने घातलेली, नीट.

"आता डाव्या हाताने. उजवा मांडीवर ठेव, कागदाला लावू नकोस."

"डाव्या?"

"कर तर."

पडदेवालीने पेन डाव्या हातात घेतलं. कागद सरकायला लागला. शेजारी बसलेल्या काकांनी तो धरला. पेन अडखळत, घसरत गेलं, आणि तळव्याची कड ओल्या शाईवरून फिरली. काकूंनी कचेरीतली प्रत शेजारी ठेवली.

पावसात सापडलेले दोन मुंगळे. जुळे भाऊ.

"अगं बाई," मालकीण म्हणाली.

"खोटी सही करणारा कधीही वाईट सही करत नाही," काकू म्हणाल्या. "तो समोर नमुना ठेवून घोटून घोटून करतो. विमा कंपनीत मी खोट्या सह्या पाहिल्या त्या सगळ्या खऱ्यापेक्षा देखण्या होत्या. एवढी वाईट सही जिची आहे तीच करू शकते. शाई फरफटली म्हणजे डावा हात. पण अक्षरं कोसळली म्हणजे सवय नसलेला डावा हात. म्हणून हे सल्लागार सुटले."

"मी अडकलो कधी होतो?" करसल्लागाराने विचारलं. काका खिडकीबाहेर बघू लागले.

"उजवा हात असताना डाव्याने का? मालकीणबाई, तुम्हीच सांगितलंत. फोन घेते, पण ऑर्डर लिहीत नाही. चेन लावता येत नाही. पायरीवरून पडली, तेव्हा आमच्या ह्यांना वाटलं पाय मोडला. पाय मोडलेल्या बाईची वेणी कोणी घालतं का? पाय मोडलेल्या बाईला कोणी भरवतं का?"

पडदेवाली आपल्या मनगटाकडे बघत होती. "प्लास्टर होतं," ती हळूच म्हणाली. "अजून आभाळ आलं की दुखतं. पण काकू, कराच्या गोष्टीत हे कोण सांगणार?"

"कोणीच नाही. म्हणून तर मला विचारावं लागलं. आता राहिलं एक. डाव्या हाताने सही करायची तर कागद धरायला माणूस लागतो. आत्ता ह्यांनी धरला. तेव्हा कोणी धरला?"

काकू नणंदेकडे वळल्या. त्यांचा आवाज खाली आला.

"कर बसत नसला तरी कागद लागतो, हे ह्या सल्लागारांनाही माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. आणि 'तिथं कोणी ऐकून घेत नाही' हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. ते तिथं जाऊन, ऐकून घ्या म्हणून विनवल्यावरच कळतं. अर्ज तुम्ही मागे नाही घेतलात."

नणंदेने पदर तोंडाला लावला. मग तो झटक्यात काढला.

"नाकारला," ती म्हणाली. "एका वर्षाचा रिटर्न नव्हता म्हणून. ह्यांच्या सल्ल्याने." करसल्लागार स्टुलावर लहान झाला. "घरी आले तर वहिनी झोपलेली, हात गळ्यात. म्हटलं माझं गेलं ते गेलं, हिची पोर तरी अडकायला नको. दाखला तिच्या पिशवीत होताच. फॉर्म भरला, तिला वाचून दाखवला, म्हटलं कराचा आहे, सही कर."

"गोळ्या होत्या मला," पडदेवाली म्हणाली. "दिवसभर कागदच येत होते, दवाखान्याचे, विम्याचे. तुम्ही म्हणाल तिथं मी सही करत होते, वन्सं."

"आणि नंतर सांगितलं का नाहीस?" मालकिणीने नणंदेला विचारलं. घड्याळ बघायचं ती विसरली होती.

"सांगायचं म्हणजे माझं सांगायला लागलं असतं ना! सगळ्या गल्लीला सांगून बसले होते की मला नकोच. वहिनीच्या तोंडाकडे बघवेना. मग तिने कुकर मागितला." नणंद थांबली. "बरं झालं मागितला. भांडायला काहीतरी हवंच होतं."

पडदेवाली उठली. काकांना वाटलं, आता गळ्यात पडणार. ती नणंदेपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तीन वर्षं मी पातेल्यात डाळ शिजवतेय, वन्सं."

नणंद हसायला लागली. हसता हसता तिला रडू फुटलं. मग दोघींचं एकच झालं, आणि काका मुकाट्याने चहा करायला उठले.

"पण ही शपथ खरी ना?" पडदेवालीने डोळे पुसत विचारलं.

"आकडे आज ताडून बघ, मालकीणबाईंची पगाराची वही आहे. बरोबर असतील तर कागद तुझा, सही तुझी. उद्या जसं झालं तसंच सांग. वन्संनाही बरोबर ने."

*

गुरुवारी संध्याकाळी दोघी आल्या त्या जिन्यावरूनच बोलत आल्या.

"साहेबाने विचारलं, ही सही तुमची? मी म्हटलं, हो, डाव्या हाताची. दवाखान्याचा कागद दाखवला. तरी म्हणाला, करून दाखवा. केली. तो बघत राहिला आणि म्हणाला, इतकी वाईट सही माझ्या मुलाचीही नाही. आणि शिक्का मारला, काकू!"

"पोरीला फोन केला?"

"केला. ती रडली, तिची आजी रडली, मग पोरगी म्हणाली, तिथं इंटरनेट कसं आहे?"

काकूंनी नणंदेसमोर एक कोरा अर्ज ठेवला. तो कधी आणला, काकांना पत्ता नव्हता. "तुमचे पुढचे सगळे रिटर्न भरलेत?"

"भरलेत. दोनदा तपासून. जिन्याखाली न जाता."

"राहिलेला?"

"तोही. उशिरा, पण भरला. दंडही दिला."

"मग अर्ज का नाही केलात?"

"एकटीने पुन्हा जायचा धीर होईना," नणंद म्हणाली, आणि पेन उचललं.

तिचे दोन्ही हात धडधाकट होते. कागद कुठे सरकत नव्हता. तरीही पडदेवालीने शेजारी बसून तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

काकांना ते दिसलं. कोणी बोट न दाखवता.