साडेपाच मीटरचं शीड

"ओ भाई, कापड घ्यायला आलात की फाडायला?"

जयश्रीने कात्री टेबलावर आपटली. बमरोलीच्या त्या साड्यांच्या कारखान्यात ती दिवसाला शे-दोनशे साड्या कापायची, पण कापडाशी कुस्ती खेळणारं गिऱ्हाईक तिने पहिल्यांदाच पाहिलं. उंच, चष्मेवाला, आणि तुकड्याची दोन टोकं तिरकी धरून ओढतोय आपला!

"तिरकं किती ताणतं ते बघतोय… शीड शिवायचंय."

"कसलं?"

"होडीचं. घरीच बांधतोय. दोन बारक्या होड्या शेजारी शेजारी जोडायच्या, मध्ये जाळी. कॅटमरान म्हणतात."

"माय वं! आणि त्याला हे कापड? वारा लागला की झोळी होईल त्याची."

तिने आतून घट्ट विणीचं पॉलिएस्टर काढून समोर टाकलं. "हं, आता ओढा."

त्याने जीव खाऊन ओढलं. कापड ढिम्म. मग तो स्वतःवरच खळखळून हसला, आणि खरं सांगायचं तर जयश्रीची विकेट तिथेच पडली.

अजिंक्य त्याचं नाव. नोकरी बँकेत, घर पर्वत पाटिया भागात. शिवणार कोण, हे त्याने विचारायच्या आत तिनेच सांगून टाकलं. मग काय, पुढचे सहा रविवार ती त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मशीनवर! त्याची आई चहा घेऊन यायची आणि जायचं नाव घ्यायची नाही.

होडी तयार होती. घोडं अडलं होतं शिडाच्या मांडणीवर. उंच डोलकाठी आणि एकच मोठं शीड? सुसाट पळेल, पण उलटायची भीती. की काठी आखूड आणि पुढे आणखी एक छोटं शीड? तीन महिने साहेब कागदावर रेघोट्या मारत होते. शेवटी जयश्री आली त्या पहिल्या रविवारी उंचच ठरलं. एकट्याला जमतं म्हणे.

एकट्याला! जयश्रीला तो शब्द चांगलाच झोंबला. शीड शिवून झालं की इथलं आपलं येणं संपलं, हे तिला कळत होतं. तो काही बोलत नव्हता, आणि ती… ती मुद्दाम मशीन सावकाश चालवत होती.

सहाव्या रविवारी शीड ॲल्युमिनियमच्या डोलकाठीशेजारी जमिनीवर पसरलं आणि घोटाळा उघडा पडला. मधले पट्टे हवे होते सव्वासहा मीटरचे. कापले होते साडेपाच! साडीचं माप. आठ वर्षांच्या सवयीने तिचा हात आपोआप तिथेच थांबला होता.

"मेले मी!" तिचा चेहरा उतरला. "नवीन कापड आणते. सगळं पुन्हा कापते."

अजिंक्य पुढे आला. त्याने शिडाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं… आणि जाऊन करवत घेऊन आला.

"काय करताय?"

"काठी कापतोय."

"डोकं फिरलंय का? तीन महिने विचार करून ठरवली ना?"

"शेवटी ठरवताना विचार कसला, घाबरलो होतो." करवत करकरत होती, मान खालीच. "काठी आखूड झाली म्हणजे पुढे छोटं शीड आलं. ते धरायला दुसरं माणूस लागतं. मला सुकाणू सोडता येत नाही."

"मग शोधा की बँकेतलं कुणी."

"बँकेतलं नको." करवत थांबली. "जयश्री, मला तू हवी आहेस. पहिल्या दिवसापासून. विचारायची छाती होत नव्हती, म्हणून एकट्यापुरती होडी ठरवली… गाढवपणा नुसता."

लगेच 'हो' म्हणून टाकावं, असं अगदी तिच्या ओठावर आलं. पण ती जयश्री होती.

"मला पोहता येत नाही."

"मी शिकवतो ना. रविवारी."

"फक्त रविवारी?" तिने कमरेवर हात ठेवले. "सोमवार ते शनिवारचं काय ते पण आत्ताच सांगा."

"सगळेच वार," तो म्हणाला. "संध्याकाळी घरी येतो तुझ्या. आईबाबांना विचारतो."

"या. पण आधी हात धुवा, ॲल्युमिनियमने काळे झालेत."

तो नळाकडे वळला, पण तिने जाऊ दिलं तर ना! तो काळाकुट्ट हात तिने तसाच आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि सोडवून घेण्याइतका अजिंक्य काही वेडा नव्हता.